आमच्या पोरींनी फक्त रडायच्याच गोष्टी वाचायच्या का?

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत अकरावीतली एक मुलगी मोबाइलवर इंग्रजी कादंबरी वाचत होती आणि तोंडावर हात ठेवून हसत होती. आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने कौतुकाने विचारलं, काय वाचतेस बाळा? तिने सरळ सांगितलं, दोन मुलींची लव्हस्टोरी आहे काका. काकांचं कौतुक तिथेच संपलं. पुढची वीस मिनिटं त्यांनी तिला सुनावलं. रोज कुठे ना कुठे अत्याचार होतोय, पोरांच्या स्कॉलरशिपा रखडल्यात, आणि तुम्ही हे अमेरिकन चोचले वाचताय? बाबासाहेबांनी यासाठी शिका म्हटलं होतं का?

पोरगी गप्प बसली. मी तिथेच होतो, मीही गप्प बसलो. ते मला लागून राहिलंय, म्हणून हा लेख. (ती मुलगी ‘तशी’ आहे का, हा प्रश्न ज्यांच्या मनात आला त्यांनी तो मनातच ठेवावा.)

पुस्तक मी नंतर वाचून काढलं. केली क्विंडलन या अमेरिकन लेखिकेचं ‘शी ड्राइव्हज मी क्रेझी’, 2021 सालचं. स्कॉटी ही शाळेच्या बास्केटबॉल संघातली मुलगी. जिच्यावर तिचं प्रेम होतं ती सोडून गेलीय, आणि तिच्याच नव्या संघाकडून स्कॉटीचा संघ सपाटून हरलाय. त्यात भर म्हणून स्कॉटीची आणि आयरीनची गाडी एकमेकींवर आदळते. आयरीन चिअरलीडर, देखणी, फटकळ, स्कॉटीची जुनी वैरीण. दोघींच्या आया मध्ये पडतात आणि फर्मान काढतात की आयरीनची गाडी गॅरेजमधून येईपर्यंत दोघींनी एकाच गाडीतून शाळेत जायचं. एकमेकींचं तोंड बघायची इच्छा नसलेल्या दोन पोरी रोज शेजारी शेजारी! मग जुन्या प्रेयसीला जळवण्यासाठी स्कॉटी आयरीनला पैसे देऊन प्रेमाचं सोंग करायला लावते. सोंगाचं पुढे काय होतं ते सांगायला नको. कुणाचा मुडदा पडत नाही. पुस्तक संपतं तेव्हा वाचणारा हसत असतो.

मला मात्र वाचताना सारखी एक बैलगाडी आठवत होती. 1901 सालची, मसूर स्टेशनवरची. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ज्यांनी वाचलंय त्यांना ती ठाऊक आहे. लहानगे बाबासाहेब, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुलं वडिलांकडे कोरेगावला निघालेली. नीटनेटके कपडे बघून स्टेशनमास्तर आधी गोड बोलला आणि मुलांनी आपण महार आहोत असं सांगताच मागे सरला. एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी तोडगा निघाला तो असा: भाडं दुप्पट, गाडी पोरांनीच हाकायची, आणि गाडीवानाने बाजूने चालायचं.

नाइलाजाने झालेला सहप्रवासी आपल्या इतिहासात असा भेटतो. स्कॉटीला आयरीन आवडत नाही कारण तिच्या मते आयरीन उद्धट आहे. गाडीवानाला त्या पोरांची नावंसुद्धा माहीत नव्हती. पहिला राग गाडीत शेजारी बसून, बोलून, भांडून जाऊ शकतो. दुसरा माणसाला शेजारी बसूच देत नाही. अशा गोष्टींची सगळी गंमत ‘बसावं लागलं’ या एका कलमावर उभी असते, आणि जातीचं सगळं शास्त्र ते कलम मोडायला तयार झालंय.

आता हीच गोष्ट आपल्याकडच्या एसटीत बसवून बघा. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो. सकाळची साडेसहाची गाडी, एक पोरगी गावातली, एक वस्तीतली, बाक एकच रिकामा. खिडकीवरून भांडण, दप्तराचा धक्का, पाण्याची बाटली. गोष्ट सुरू व्हायला काय कमी आहे? पण तिसऱ्या वाक्याला ‘पूर्ण नाव काय गं तुझं?’ येतं आणि हसणं थांबतं.

म्हणून काकांना माझं सांगणं आहे: तुम्ही ज्याला चोचले म्हणता ती आपल्या मागण्यांच्या यादीतली गोष्ट आहे. ‘फँड्री’त जब्या दगड भिरकावतो. ‘सैराट’मध्ये परशा-आर्ची रक्तात पडतात आणि बाळ मागे उरतं. हे सिनेमे खरे आहेत, आवश्यक आहेत, मी ते चारचौघांत भांडून लोकांना दाखवलेत. कारण 2014 साली खर्ड्यात सतरा वर्षांचा आपला एक पोरगा सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून मारला गेला, आणि 2017 साली सगळे आरोपी सुटले. पण आपल्या सोळा वर्षांच्या पोरांना प्रेम म्हटलं की फक्त हेच दिसायला लागलं, तर भीती पोहोचवायचं अर्धं काम आपणच करून देतोय. खर्ड्याच्या मारेकऱ्यांना दुसरं काय हवं होतं?

आणि बाबासाहेबांचं नाव घेऊन कुणी लैंगिकतेच्या चर्चेला पाश्चात्त्य थेर म्हणत असेल तर त्याने 1934 साल आठवावं. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तोही वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. त्यात समलिंगी संबंधांचा विषयही होता. कर्व्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते बाबासाहेब. खटला हरले, पण उभे राहिले. त्याच्याही आधी, 1916 साली न्यूयॉर्कमध्ये वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचं मूळ जातीअंतर्गत विवाहात दाखवलं होतं. कुणी कुणावर जीव लावायचा यावर पहारा, म्हणजे जात. मग दोन मुलींच्या प्रेमावरचा पहारा आपल्याला परका कसा?

दुसऱ्या बाजूच्या मित्रांनाही सोडत नाही. ‘प्रेमाला जात नसते’ असा फलक घेऊन प्राइडला चालणाऱ्यांनी 2015 सालची मुंबईची ती जाहिरात आठवावी. समलिंगी मुलासाठी आईने वर शोधला, देशभर वाहवा झाली. जातीची अट नाही म्हणताना स्वतःच्या ब्राह्मण पोटजातीला पसंती असल्याचं कंसात होतंच. कौतुक करणाऱ्या कितीजणांना तो कंस खटकला? ‘गीली पुच्ची’तल्या भारतीला जीव लावलेल्या मैत्रिणीपुढे आडनाव लपवावं लागतं, आणि खरं सांगितल्यावर त्या मैत्रिणीचा चेहरा कसा बदलतो ते एकदा नीट बघा. मसूरच्या स्टेशनमास्तरापेक्षा फार वेगळा नाही तो. 2018 साली 377 गेलं, पेढे वाटले गेले. आमच्या पोरीला एसटीच्या बाकावरून उठवणारं कलम कुठल्याच पुस्तकात छापलेलं नाही, त्यामुळे ते कोर्टात रद्दही होत नाही.

मराठीत अलीकडे ‘साबर बोंडं’ आला, 2025 साली सनडान्सला मोठा पुरस्कार घेऊन आला, जीव हळवा करणारा सिनेमा आहे. पण तोसुद्धा तिशीतल्या माणसाचा आणि बापाच्या सुतकातला. सोळा वर्षांच्या पोरींचं, भांडणाचं आणि खिदळण्याचं अजून बाकीच आहे.

काल ती मुलगी पुन्हा अभ्यासिकेत होती. पुस्तक संपलं का विचारलं, तर म्हणाली, दुसऱ्यांदा वाचतेय सर. मग हळूच विचारलं, आपल्या मराठीत असं आहे का एखादं? मला एकही नाव सांगता आलं नाही. काकांकडे असेल तर त्यांनी आणून द्यावं.