आनंदवृक्षाचे श्रेय कोणाचे?

#थ्रेड

१/ ‘चिनी वैद्यांना हजारो वर्षांपूर्वीच कर्करोगावरील वनस्पती ठाऊक होती’ अशा आशयाचे संदेश आपल्याकडे नित्य फिरत असतात. अशाच एका चिनी झाडाची खरी कथा त्या संदेशांहून अधिक विलक्षण आहे. तिचा एक धागा नंदुरबारला पोहोचतो, दुसरा सह्याद्रीच्या रानात.

२/ माझे मत आरंभीच मांडतो. परंपरेने जे काम केले नाही त्याचे श्रेय तिला देणे हा तिचा सन्मान नव्हे. त्यात इतिहासाचा विपर्यास तर होतोच, शिवाय त्याचा भुर्दंड रुग्णाला आणि जंगलाला सोसावा लागतो.

३/ या झाडाचे चिनी नाव ‘शी-शू’, म्हणजे आनंदवृक्ष. १८७३ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ डकेन यांनी त्याचे ‘कॅम्प्टोथेका अक्युमिनाटा’ असे नामकरण केले. चिनी लोकवैद्यकात त्याचा निरनिराळ्या विकारांवर वापर होत असे, हे खरे. पण कर्करोग म्हणजे पेशींची अनिर्बंध वाढ, ही समजूतच एकोणिसाव्या शतकातील आहे. जुन्या ग्रंथातील प्रत्येक ‘गाठ’ आजच्या अर्थाने कर्करोग मानणे हा कालविपर्यास होय.

४/ प्रयोगशाळेला हे झाड सापडले ते एखाद्या चिनी ग्रंथाच्या आधाराने नव्हे. १९५० च्या दशकात अमेरिकी कृषी खात्याच्या फिलाडेल्फिया येथील प्रयोगशाळेत मन्रो वॉल हे कॉर्टिसोनसाठी कच्चा माल देऊ शकतील अशा वनस्पती शोधत होते. त्यांच्याकडील सुमारे हजार अर्क अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने तपासले. त्यांत लक्षणीय परिणाम दिसला तो याच झाडाच्या अर्काचा.

५/ पुढे वॉल नॉर्थ कॅरोलायनातील संशोधन संस्थेत गेले. तेथे त्यांना सहकारी लाभले मनसुख वाणी. जन्म १९२५, नंदुरबार. शिक्षण मुंबई विद्यापीठात आणि नंतर इंडियाना विद्यापीठात. १९६६ मध्ये वॉल, वाणी आणि सहकाऱ्यांनी या झाडातील क्रियाशील द्रव्याची रचना प्रसिद्ध केली. ते द्रव्य कॅम्प्टोथेसिन. टॅक्सॉल या दुसऱ्या विख्यात औषधाची रचनाही १९७१ मध्ये याच दोघांच्या गटाने उलगडली. आपल्यापैकी किती जणांना वाणींचे नाव ठाऊक आहे?

६/ येथे कथा संपली असती तर संदेश लिहिणाऱ्यांचे सोयीचे झाले असते. पण कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नव्हते. म्हणून त्याचा विरघळणारा सोडियम क्षार करून रुग्णांना देण्यात आला. मूत्राशयाच्या आम्लयुक्त वातावरणात तो पुन्हा मूळ रूपात येई आणि रुग्णांना रक्तस्राव होई. रक्तपेशीही घटत. १९७२ च्या सुमारास चाचण्या थांबवाव्या लागल्या.

७/ औषध बाजूला पडले, तरी जिज्ञासा टिकली. १९८५ मध्ये त्याच्या कार्याचे मर्म उलगडले. पेशी विभागताना डीएनएच्या दोराला पीळ पडतो. एक विकर दोराचा एक पदर कापते, पीळ सोडवते आणि पदर पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन ते सांधणेच अडवते. दोर तुटतो आणि पेशी मरते. निरोगी पण वेगाने विभागणाऱ्या पेशीही त्यात सापडतात. विषाचे कारण आणि गुणाचे कारण एकच होते.

८/ हे कळल्यावर मूळ रेणूत बदल करण्याच्या प्रयत्नांना दिशा मिळाली. इरिनोटेकॅनला जपानमध्ये १९९४ साली परवानगी मिळाली. १९९६ मध्ये टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन या दोहोंना अमेरिकेत मान्यता मिळाली. एक अंडाशयाच्या, दुसरे मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर. रेणूच्या शोधापासून तेथवर तीस वर्षे लागली. ‘झाडात औषध होते’ या तीन शब्दांत ही तीस वर्षे गडप होतात.

९/ आक्षेप येईल: मग लोकवैद्यकाला काहीच श्रेय नाही का? आहे; जेथे आहे तेथे ते पूर्ण द्यावे. ईशान्य चीनमधील हार्बिन येथे १९७० च्या दशकात झांग टिंगडाँग आणि सहकाऱ्यांनी एक स्थानिक नुस्खा अभ्यासला. त्यात सोमल, पाऱ्याचा क्षार आणि भेकाचे विष होते. घटक वेगळे करून पाहता गुण सोमलाचा ठरला, आणि तो विशेषतः एका प्रकारच्या रक्तकर्करोगात. आज ते त्या रोगावरील मान्य औषध आहे.

१०/ येथे परंपरेने खरोखर वाट दाखवली. पण त्या संशोधकांनी नुस्खा पूजेला ठेवला नाही. तो उकलला, अनावश्यक विषे काढली, मात्रा ठरवली, कोणाला गुण येतो हे मोजले. परंपरेचा आदर करण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही.

११/ आता सह्याद्री. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी आपल्या घाटांतील एका झाडातही कॅम्प्टोथेसिन असल्याचे दाखवले. दुर्गंधामुळे आपण त्याला नरक्या म्हणतो. चीनमधील आनंदवृक्ष आणि आपला नरक्या यांच्या पोटात एकच रेणू! या औषधांसाठी कच्चा माल अजूनही झाडांतूनच मिळवला जातो. म्हणून नरक्याची बेकायदा तोड होते.

१२/ आणि रुग्ण? कॅम्प्टोथेसिन असलेल्या झाडाची साल उकळून पिणे म्हणजे १९७२ च्या सुमारास धोक्यामुळे थांबवलेला प्रयोग घरच्या चुलीवर, तोही मात्रा न मोजता करणे होय. ज्यांचा रोग वेळेवर उपचार केल्यास आटोक्यात येऊ शकला असता, त्यांचे काही महिने अशा काढ्यांच्या भरवशावर जातात. ते महिने परत मिळत नाहीत.

१३/ तेव्हा असा संदेश आला की पुढे ढकलण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. कोणते द्रव्य? किती मात्रेत? कोणत्या कर्करोगावर? कोणावर तपासले? उत्तर नसेल तर तो इतिहास नव्हे आणि वैद्यकही नव्हे. उत्तर असेल, तर त्यामागे मनसुख वाणींसारख्या कोणाचे तरी नाव असेल. ते शोधून, नावानिशी सांगावे.