दंतवैद्यकाचे शिक्षण : शुल्क, तुकडी आणि रुग्ण

‘नीट’चा निकाल लागला की महाराष्ट्रातील हजारो मध्यमवर्गीय घरांत एकच हिशेब सुरू होतो. वैद्यकाच्या प्रवेशास गुण थोडके कमी पडलेले असतात. दंतवैद्यकाला प्रवेश मिळण्याची शक्यता असते. मग महाविद्यालयांची यादी समोर घेऊन दोन रकाने आखले जातात. एकात वर्षाचे शुल्क, दुसऱ्यात प्रवेशक्षमता. शुल्क जितके कमी तितके बरे आणि तुकडी जितकी लहान तितके शिक्षण चांगले, अशी या हिशेबामागची समजूत असते. ती अडाणीपणाची नव्हे. आयुष्यभराची बचत पणाला लावणाऱ्या पालकाने हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. परंतु या दोन आकड्यांत सामान्य माणसाच्या हिताचा खरा प्रश्न सामावत नाही, आणि पालकावर ही निवड करण्याची पाळी का आली, हेही त्यांतून कळत नाही.

या देशातील दंतशिक्षणाचा आरंभ १९२० साली कलकत्त्यात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी काढलेल्या महाविद्यालयाने झाला. मुंबईचे नायर दंतमहाविद्यालय १९३३ सालचे. पुढे ते महापालिकेचे झाले. नागपूरचे शासकीय दंतमहाविद्यालय १९६८ साली निघाले, तर त्या वेळच्या औरंगाबादचे १९८२ साली. गती संथ होती, पण संस्था सार्वजनिक होत्या. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना मोकळीक मिळाली आणि तेच तत्त्व पुढे वैद्यकात व दंतवैद्यकात शिरले. आज देशात तीनशेहून अधिक दंतमहाविद्यालये आहेत आणि त्यांतील बहुसंख्य खासगी आहेत. महाराष्ट्रातील सार्वजनिक दंतमहाविद्यालये मात्र अजूनही बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. पालकाच्या यादीतील शुल्काचा रकाना हजारांवरून एकदम लाखांवर उडी घेतो, त्याचे मूळ या इतिहासात आहे.

न्यायालयांनी या व्यवहाराला लगाम घालण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. १९९२ साली मोहिनी जैन खटल्यात देणगीशुल्क अवैध ठरले. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात निम्म्या जागा शासकीय दराने देण्याची योजना आली. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ती मोडीत निघाली. नफेखोरी नको, पण संस्थेच्या वाढीपुरते वाजवी आधिक्य चालेल, हे सूत्र तेथपासून रूढ झाले. २०१५ च्या कायद्यान्वये महाराष्ट्रात शुल्क नियामक प्राधिकरण आहे. परंतु त्याचे काम संस्थेने दाखवलेला खर्च तपासण्याचे आहे; विद्यार्थ्याच्या कुटुंबाला तो परवडतो की नाही, हे पाहण्याचे नाही. अभिमत विद्यापीठे तर या चौकटीच्या बाहेरच राहिली.

परवडण्याचा अर्थ एका साध्या गणिताने स्पष्ट होईल. एका विद्यार्थ्याचे शुल्क वर्षाला तीन लाख आहे, ते चार वर्षे भरावयाचे आहे आणि पाचवे वर्ष आंतरवासितेचे आहे, असे धरले, आणि हे शुल्क दरसाल ११ टक्के दराने कर्ज काढून प्रत्येक वर्षारंभी भरले, तर शिक्षणकाळात सरळव्याज धरूनही १२ लाखांचे कर्ज पदवी हाती येईपर्यंत १६ लाख ६२ हजारांवर जाते. ते दहा वर्षांत फेडावयाचे, तर दरमहा सुमारे २२,९०० रुपयांचा हप्ता पडतो आणि एकूण परतफेड साडेसत्तावीस लाखांच्या घरात जाते. वसतिगृह, भोजन, पुस्तके आणि उपकरणे यांचा खर्च यात धरलेलाच नाही. शहरातील एखाद्या दवाखान्यात सहायक म्हणून राहणाऱ्या नव्या दंतवैद्याला पुष्कळदा या हप्त्याइतकेही वेतन मिळत नाही. स्वतःचा दवाखाना थाटायचा, तर खुर्ची, क्ष-किरण यंत्र आणि जागेची पागडी यांसाठी दुसरे कर्ज काढावे लागते. अशा कर्जाखाली दबलेला तरुण तालुक्याच्या गावी दाढ काढण्याचे माफक पैसे घेऊन बसेल, ही अपेक्षा अर्थशास्त्राला धरून नाही. तो जेथे पैसा आहे तेथेच जाणार. शुल्काचा भार शेवटी रुग्णाच्या बिलात उतरतो.

तुकडीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. दंतमहाविद्यालयाची प्रवेशक्षमता सामान्यतः ५० किंवा १०० असते. व्याख्यानाच्या वर्गात पन्नास बसले काय आणि शंभर बसले काय, फरक फार नाही. पण दंतवैद्यक ही हाताची विद्या आहे. दाढ काढणे, पोकळी भरणे, रूट कॅनाल करणे, कवळी बसवणे, या गोष्टी फळ्यावरून येत नाहीत. त्यासाठी तीन गोष्टी एका वेळी एका ठिकाणी असाव्या लागतात : मोकळी खुर्ची, शेजारी उभा असलेला अध्यापक आणि तोंड उघडून बसलेला रुग्ण. खुर्च्या पैशाने विकत घेता येतात. अध्यापक निदान कागदावर दाखवता येतात. तपासणीच्या दिवशी हजर आणि एरवी अदृश्य अशा अध्यापकांची चर्चा या क्षेत्रात नवी नाही. रुग्ण मात्र विकत घेता येत नाही. तो वर्षानुवर्षांच्या विश्वासाने आणि स्वस्त उपचारामुळे येतो.

म्हणून शंभरांची तुकडी असलेले, पण बाह्यरुग्ण विभागात सकाळपासून रांग लागणारे सार्वजनिक महाविद्यालय हे पन्नासांची तुकडी असलेल्या, पण हमरस्त्यावरील माळावर ओस पडलेल्या महाविद्यालयापेक्षा अधिक चांगले दंतवैद्य घडवू शकते. मुंबईचे शासकीय दंतमहाविद्यालय सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात आहे, नायर मुंबई सेंट्रलला आहे. गिरणगाव आणि गोदीच्या या शहरातील कष्टकऱ्यांनी आपली तोंडे या संस्थांतील विद्यार्थ्यांच्या स्वाधीन केली आणि त्यांना शिकवले. गरीब रुग्ण हा या शिक्षणाचा न मोजलेला अध्यापक आहे. तुकडीचा आकडा विचारणाऱ्या पालकाने खरे तर असे विचारावयास हवे : एका विद्यार्थ्यामागे दररोज किती रुग्ण येतात? तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाला प्रत्यक्ष किती अध्यापक विभागात उभे असतात? पण हे आकडे सामान्य पालकाला सहज पडताळून पाहता येतील अशा रीतीने समोर येत नाहीत. ज्या बाजारात ग्राहकाला मालाची प्रत कळत नाही, तेथे निवडीचे स्वातंत्र्य ही शब्दांची शोभा ठरते.

या बाजाराने आपले अपयश स्वतःच जाहीर केले आहे. २०२०-२१ च्या प्रवेशांत देशभर दंतवैद्यकाच्या सुमारे सात हजार जागा रिकाम्या राहिल्या. ८ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पात्रतेची मर्यादा दहा पर्सेंटाइलने खाली आणण्याचा आदेश दिला. परंतु त्याच निकालात नोंदले की या रिकाम्या जागांपैकी शासकीय महाविद्यालयांतील जागा केवळ २६५ आहेत, आणि खासगी संस्थांनी शुल्क कमी करण्याचा विचार करावा. जागा नकोशा नव्हत्या, महाग जागा नकोशा होत्या. आणि हे अशा देशात, जेथे २०१६-१७ च्या पाहणीनुसार एकट्या महाराष्ट्रात जवळजवळ प्रत्येक चौथा प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतो. मिश्री, खर्रा आणि गुटख्याने झिजलेली हिरडी आणि तोंडाचा कर्करोग यांची वाण नाही. वाण आहे ती परवडणाऱ्या दंतवैद्याची.

शासनाकडे पैसा नाही, खासगी संस्थांनी उणीव भरून काढली, असा युक्तिवाद केला जातो. त्यात काही तथ्य आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत महाविद्यालये गेली, ग्रामीण मुलींना घराजवळ शिकता आले, काही संस्थांचे बाह्यरुग्ण विभाग खरोखरच लोकोपयोगी आहेत. पण पैसा नाही हे मात्र खरे नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांचे शुल्क शासन भरते. आणि २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींचे, केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास, संपूर्ण शुल्क शासनाने उचलले आहे. हा निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु सार्वजनिक पैसा जर खासगी संस्थेच्या तिजोरीत जात असेल, तर त्याच्या मोबदल्यात जनतेने काही अटी घालणे हे कर्तव्यच ठरते.

अटी अवघड नाहीत. प्रत्येक महाविद्यालयाने दररोजची बाह्यरुग्णसंख्या, विभागवार प्रत्यक्ष हजर अध्यापक आणि प्रत्येक विद्यार्थ्याने केलेल्या उपचारांची संख्या प्रवेशापूर्वी प्रसिद्ध करावी. शुल्काची मान्यता या आकड्यांशी जोडावी. रुग्ण नसलेल्या संस्थेला शंभरांची तुकडी देऊ नये. दंतपरिषदेच्या जागी राष्ट्रीय दंत आयोग आणणारा कायदा २०२३ साली संमत झाला. नव्या आयोगाने इमारतीचे चौरस फूट मोजण्यापेक्षा हे मोजावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जिल्हा रुग्णालयांना जोडून नवी सार्वजनिक दंतमहाविद्यालये काढावीत व ग्रामीण रुग्णालयांतील दंतशल्यचिकित्सकांची पदे वाढवून नियमित भरावीत. तेथे रुग्ण आधीच रांगेत आहेत.

तोवर पालक आपले दोन रकाने आखत राहतील. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण स्वस्त जागेसाठी मुलांची आपसात झुंज लावून देणाऱ्या व्यवस्थेला निवड म्हणणे समाजवादी विचाराला मान्य होणार नाही. जागा स्वस्त करणे आणि तुकडीला पुरेसे रुग्ण व अध्यापक देणे ही एका कुटुंबाची जबाबदारी नाही, शासनाची आहे. आणि ती पार पाडून घेण्यासाठी पालक, विद्यार्थी आणि रुग्ण यांनी एकत्र येणे भाग आहे.