हाड कापावे की जपावे?

संग्रहालयातील जीवाश्माला करवत लावायची म्हटले की पुष्कळांच्या अंगावर काटा येतो. कोट्यवधी वर्षे टिकलेली वस्तू, आणि तिचा आपण तुकडा पाडायचा! ही हळहळ आम्हांला समजते. तरीही काही हाडांना करवत लावलीच पाहिजे, असे आमचे मत आहे.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहराजवळ, सेव्हर्न नदीच्या मुखाशी ऑस्ट नावाचा कडा आहे. तेथील सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत खांबासारखी लांब, गोलसर हाडे सापडतात. सॅम्युएल स्टचबरी यांनी १८५० मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध केली. पुढे अनेक तज्ज्ञांनी ती डायनोसॉरच्या पायांची मानली. लांब आणि गोल हाड म्हणजे पायाचे, हा साधा हिशेब! पण विद्यार्थी मित्रांनो, मांडीचे हाड ओळखतात ते मुख्यतः टोकांवरून. वर खुब्यात बसणारा गोळा, खाली गुडघ्याकडचे दोन उंचवटे. ऑस्टच्या हाडांची टोकेच गेलेली. उरला होता तो नुसता दांडा.

त्याच काळी समुद्रात इक्थिओसॉर हे माशासारखे दिसणारे सरीसृप होते. त्यांचे दंडाचे हाड आखूड आणि रुंद, तर वल्ह्यातील पुढची हाडे फरसबंदीतल्या दगडांसारखी शेजारी शेजारी बसलेली. असला लांब दांडा त्यांच्या पायाचा असणे शक्यच नव्हते. पण तो पायाचाच कशावरून?

२०१६ मध्ये लिलस्टॉकच्या किनाऱ्यावर ९६ सेंटिमीटर लांबीचे एक हाड मिळाले. ते एका प्रचंड इक्थिओसॉरच्या खालच्या जबड्याचे निघाले. ऑस्टचे ‘पाय’ही अशाच जबड्यांचे तुकडे असावेत, असे २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी सुचवले. मग २०२० मध्ये रूबी रेनॉल्ड्स या ११ वर्षांच्या मुलीला आणि तिच्या वडिलांना जवळच्याच किनाऱ्यावर तशाच जबड्याचे तुकडे सापडले. २०२४ मध्ये त्या प्राण्याला ‘इक्थिओटायटन’ हे नाव मिळाले. लांबी अंदाजे २५ मीटर, म्हणजे जवळजवळ निळ्या देवमाशाएवढी!

तरी ही तुलना बाह्य आकाराचीच, आणि आकाराने एकदा चकवले होतेच. (रिचर्ड ओवेन यांनी तर १८४१ मध्ये ‘सेटिओसॉरस’ या जमिनीवरच्या डायनोसॉरला जलचर समजून ‘देवमासा-सरडा’ असे नाव दिले.) म्हणून हाडाचा काप घ्यायचा, काचेवर चिकटवून प्रकाश आरपार जाईल इतका पातळ घासायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. ऑस्टच्या हाडांचे असे काप २०१४ मध्येही तपासले होते, पण ठाम निर्णय लागला नव्हता. बॉनच्या संशोधकांनी २०२४ मध्ये लिलस्टॉकच्या जबड्याचाही काप शेजारी ठेवला. दोन्हींत हाडातील तंतूंची तीच विलक्षण रचना दिसली.

कोणी म्हणेल, मग दिसेल ते कापत सुटायचे काय? मुळीच नाही. आधी मापे घ्यावीत, छायाचित्रे काढावीत, साचा करून ठेवावा. अखंड कवटीला हात लावू नये. पण टोके गेलेला दांडा कपाटात चुकीच्या नावाने आणखी शंभर वर्षे जपण्यात काय अर्थ? त्याचा एक छोटा काप अवश्य घ्यावा. मात्र उरलेले हाड आणि तो काप एकाच क्रमांकाने जवळजवळ ठेवावेत, म्हणजे पुढच्या संशोधकाला पुन्हा करवत लावावी लागणार नाही.