मारही परिचारिकेने खायचा, उपदेशही तिनेच ऐकायचा?

मनोरुग्णालयात रात्रपाळीला रुग्ण अंगावर धावून येतो. परिचारिकेचा हात पिरगळला जातो, ओठ फुटतो. सकाळी तिला ऐकविले जाते, ‘येथे काम म्हटले की एवढे चालायचेच!’ फार तर ताणतणावावर एखादे व्याख्यान होते. कारखान्यात कामगाराचा हात यंत्रात सापडला तर मालकाला जाब विचारता येतो. येथे मात्र जखम हाच सेवाधर्म ठरतो.

यावर कायदा नाही काय? आहे. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवर हल्ला करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, असा कायदा महाराष्ट्राने २०१० साली केला. परंतु आपण काय करीत आहोत हेच आजारामुळे ज्याला उमगत नाही, त्याचे कृत्य भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ नुसार गुन्हा ठरत नाही. आणि ते न्याय्यच आहे. रुग्ण हा परिचारिकेचा शत्रू नव्हे. मग या कक्षात शिक्षेचा धाक कोणाला?

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ९७ बजावते, की केवळ कर्मचारी अपुरे आहेत म्हणून रुग्णाला जखडता येणार नाही. हे कलम स्वागतार्हच आहे. पण रुग्णाला बांधायचे नाही आणि माणसेही भरायची नाहीत, तर मधला भार कोणी पेलायचा? तो परिचारिकेच्या देहावर टाकला गेला आहे.

या हिंसेचे मूळ कक्षाबाहेर आहे. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांवर राज्याची दीर्घकाळ भिस्त राहिली. यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबनला चुनखडीसाठी भांडवल पोचले, सिमेंटचा कारखाना उभा राहिला. तेथील रुग्णाला मात्र प्रादेशिक मनोरुग्णालयासाठी वणी-वरोरा ओलांडून नागपूर गाठावे लागते. गाडीभाडे, बुडणारी मजुरी आणि लोकलज्जा यांपायी उपचार लांबतात. आजार विकोपाला गेल्यावर भेदरलेला माणूस कक्षात येतो, आणि त्याच्यासमोर पहिली उभी असते ती परिचारिका.

तेव्हा मागणी सहनशीलतेच्या वर्गांची नव्हे. रिक्त पदे कायमस्वरूपी भरा. रात्रपाळीत परिचारिकेला एकटी ठेवू नका. प्रत्येक हल्ल्याची नोंद, जखमेची भरपाई व भरपगारी रजा द्या. तालुक्याच्या गावी मानसोपचार पोचवा. रुग्ण आणि परिचारिका यांना परस्परांसमोर उभे करून शासन नामानिराळे राहते. दोघांची बाजू एकच आहे, हे गावोगाव सांगणे व त्यासाठी लढा उभारणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.