हॅरी काही अभिमन्यू नव्हे

अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांत हॅरी पॉटरच्या गप्पा निघाल्या की पाचव्या पुस्तकाशी येऊन कोणीतरी हमखास म्हणतं, "अहो, तो म्हणजे आपला अभिमन्यूच!" माना डोलतात, विषय संपतो. मला ही तुलना साफ नामंजूर आहे. तिच्या आडून आपण आपल्या मुलांना एक फार धोकादायक सवलत देत असतो.

अभिमन्यूला चक्रव्यूहात युधिष्ठिराने धाडलं. बाहेर पडायची विद्या मला येत नाही, हे त्याने आधीच सांगितलं होतं. मागोमाग येतो म्हणणाऱ्या पांडवांना जयद्रथाने अडवलं आणि पोरगं एकटं सापडलं. दोष द्यायचाच तर थोरल्यांना द्यावा लागेल.

आता 2003 साली आलेलं 'ऑर्डर ऑफ द फीनिक्स' आठवा. सिरियसचा छळ चाललाय असं पंधरा वर्षांच्या हॅरीला दिसतं आणि तो लंडनला निघतो. त्याला कोणी पाठवलेलं नसतं. उलट, मनात घुसणारी ही दृश्यं रोखायला शीक म्हणून त्याला महिनोन्महिने बजावलेलं असतं. तो सराव करत नाही, कारण त्या दारामागे काय आहे हे त्याला बघायचं असतं. हर्मायनी शांतपणे विचारते, की संध्याकाळी पाच वाजता माणसांनी भरलेल्या मंत्रालयात हे दोघे कोणाला न दिसता शिरले कसे? हा सापळा असला तर? हॅरी तिच्यावर ओरडतो.

सिनेमा पाहून थांबलेल्यांना एक गोष्ट माहीत नसते. सिरियसने हॅरीला एक पुडकं दिलेलं असतं. त्यात एक आरसा असतो, त्यातून दोघांना थेट बोलता आलं असतं. सिरियस धोक्यात येऊ नये म्हणून हॅरीने ते उघडायचंच नाही असं ठरवलेलं असतं. तो विचार चांगलाच होता, पण खरी गरज पडली तेव्हा त्याला त्या पुडक्याची आठवणही झाली नाही. सिरियस घरी सुखरूप होता.

मग किंमत कोणी मोजली? हर्मायनी शाप लागून बेशुद्ध पडली, जिनीचा घोटा मोडला, नेव्हिलचं नाक फुटलं आणि त्याच्या वडिलांची छडी तुटली. सिरियस तर त्याला वाचवायला धावत आला आणि जिवानिशी गेला.

यावर तीन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, डंबलडोरने सगळं लपवलं, म्हणून हे घडलं. खरं आहे, तो स्वतःच तसं कबूल करतो. पण त्याच्या मौनामुळे हॅरी का फसला एवढंच कळतं. हर्मायनीचं ऐकायला कोणी मनाई केली होती? दुसरं, मित्र स्वखुशीने गेले. हेही खरं. जिनी, नेव्हिल आणि लूना यांना हॅरी नकोच म्हणत होता. पण वर्षभर तोच त्यांना शिकवत होता. त्याने सांगितलेली बातमी खरी मानून ती निघाली. आपल्यावर विसंबून चार माणसं येतात तेव्हा बातमी पारखून घ्यायची जबाबदारी वाढते. तिसरं उत्तर सगळ्यांत लाडकं: हेतू चांगला होता! वोल्डेमॉर्टने नेमक्या त्या चांगल्या हेतूलाच गळ लावला होता, हे आपण विसरतो.

हा वाद पुस्तकापुरता असता तर मी गप्प बसलो असतो. पण आपली मुलं पंधरा-सोळाची झाली की त्यांच्या हातात गाडीची किल्ली येते. कॅलिफोर्नियात अठराच्या आतल्या नव्या ड्रायव्हरला पहिले 12 महिने, सोबत मोठं माणूस नसेल तर, वीस वर्षांखालचे प्रवासी गाडीत घ्यायला मनाई आहे, अपवाद थोडे. मुलगा वाईट आहे असं हा कायदा म्हणत नाही. मागच्या सीटवरच्या पोरांचा जीव त्याच्या एका क्षणाच्या निर्णयावर टांगलेला असतो, एवढंच त्याला ठाऊक आहे. आणि आपण? "मित्राला अर्ध्या रात्री आणायला गेला, किती मनाचा मोठा!" म्हणून घरी कौतुक करतो. गाडीत आणखी कोण होतं, निघण्याआधी फोन का केला नाही, हे विचारायला आपली जीभ रेटत नाही.

रोलिंगबाईंनी हॅरीला अशी सूट दिलेली नाही. सिरियस गेल्यावर त्या त्याला ते पुडकं उघडायला लावतात आणि आरसा त्याच्या हातात ठेवतात. सूट देतो ते आपण वाचक. तेव्हा घरात पुढच्या वेळी हे पुस्तक निघालं, तर हॅरी किती शूर हे राहू द्या. हर्मायनीने काय विचारलं होतं ते मुलांना विचारा, आणि तिच्या जागी तू असतास तर त्याला कसं थांबवलं असतंस, हेही विचारा.