आडनाव काय म्हणालात?

‘अनोळखी माणसाशी गप्पा मारायला शिका’ अशा क्लासच्या जाहिराती हल्ली मला दिवसाआड दिसतात. स्मॉल टॉक, आइसब्रेकर, नेटवर्किंग वगैरे. हसून बोला, नजर मिळवा, नाव लक्षात ठेवा, समोरच्याला प्रश्न विचारा. शिकवतात ते चुकीचं नाही. पण प्रश्न विचारायला आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही हो. आपण विचारतोच. आणि पहिल्या दोन मिनिटांत कुठला विचारतो, हे तुम्हालाही माहीत आहे.

नाव सांगितलं की “पूर्ण नाव?” पूर्ण नाव सांगितलं की “मूळ गाव कुठलं?” माझं आडनाव जाधव, पवार, मोरे यांच्या पंगतीतलं, बऱ्याच जातींत सापडणारं. त्यामुळे माझ्या बाबतीत गाडी तेवढ्यावर थांबत नाही. “म्हणजे शहाण्णव कुळी का?” “कुलदैवत कुठलं तुमचं?” “तुमच्यात लग्नात काय काय करतात?” हे सगळं चहाचा कप हातात धरून, हसत हसत. एका ऑफिसात नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिघांनी तीन वेगवेगळ्या वाटांनी मला एकाच जागी गाठायचा प्रयत्न केला होता. तिसऱ्यानं तर “कॉलेजात फी माफ होती का तुम्हाला?” इथून सुरुवात केली. काय ती चिकाटी! उत्तर हाती लागलं की मग गप्पा एक तर एकदम खुलतात, नाहीतर “चला, जरा काम आहे” म्हणून आटोपतात.

यावरचं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे. “अहो, आपुलकीनं विचारतो. ओळख निघते.” निघते, मान्य. एसटीत शेजारच्या म्हाताऱ्याला गाव सांगावं, तर त्याची बहीण तिथंच दिलेली असते आणि पुढचे दोन तास मजेत जातात. त्या म्हाताऱ्यावर माझा काही राग नाही. पण आडनाव सांगून ज्याचा आजवर कधी तोटा झाला नाही, त्यालाच हा प्रश्न साधा वाटतो. भाड्याची खोली बघायला गेल्यावर “मालकांशी बोलून कळवतो” हे ज्यानं चारदा ऐकलंय आणि ज्याला तो फोन एकदाही आलेला नाही, त्याला विचारा. त्याच्यासाठी तो तपासणी नाका असतो. आणि नाक्यावरचा पोलीस निदान ‘मी तपासणी करतोय’ हे लपवत तरी नाही.

हे आजचं नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये १९०१ सालचा प्रसंग लिहून ठेवलाय. नऊ-दहा वर्षांचे भीमराव घरातल्या इतर मुलांबरोबर वडिलांकडे निघालेले, मसूर स्टेशनावर उतरलेले. न्यायला कुणी आलेलं नाही. मुलं चांगल्या कपड्यांतली, त्यामुळे स्टेशनमास्तरांना ती ब्राह्मणाची वाटली. त्यांनी मायेनं चौकशी केली, कुठं जायचंय, कुणाची वाट बघताय. आणि मग रिवाजाप्रमाणे विचारलं, तुम्ही कोण? मुलानं न लपवता सांगितलं, आम्ही महार. मास्तरांचा चेहराच बदलला आणि ते आपल्या खोलीत निघून गेले. पुढे बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी एक जण तयार झाला तो दुप्पट भाडं घेऊन, आणि तेही मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि त्यानं बाजूनं पायी चालायचं, या बोलीवर. त्या पोरांशी सुरुवातीला कुणी वाकडं बोललं नव्हतं. एक गोड चौकशी झाली, एवढंच.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. उत्तम झालं. पाटी शासन निर्णयानं बदलता येते. टपरीवरच्या चौकशीला कुठला जीआर लावणार?

गप्पा शिकायच्याच असतील तर मुंबईच्या लोकलमध्ये, त्यातही बायकांच्या डब्यात शिकाव्यात. तिथला पहिला प्रश्न ठरलेला: “कुठे उतरणार?” प्रश्न शंभर टक्के स्वार्थी आहे. तुम्ही उठलात की जागा मिळणार, म्हणून विचारलेला. पण त्यात तुमचा बाप, आजा, गाव, कूळ काहीच येत नाही. तुम्ही दादर म्हणता, ती “बरं, मग मी तुमच्यानंतर” म्हणते, आणि दादर येईपर्यंत मटार सोलून होतात, मेथीची जुडी कितीला मिळाली ते कळतं, गुडघ्यावरचा एखादा डॉक्टरही कळतो. रोज एकाच गाडीनं जाणाऱ्या बायका डब्यात डोहाळजेवणंसुद्धा करतात. लोकलमध्ये जात नसते असं मी म्हणत नाही, तिथंही ग्रुप आहेत आणि त्यांचे नखरे आहेत. पण बोलण्याची सुरुवात तिथून होत नाही, आणि सुरुवातीलाच सगळं ठरत असतं.

तेव्हा हे क्लास चालवणाऱ्यांना आणि कंपन्यांतल्या एचआरवाल्यांना माझी जाहीर मागणी आहे. हात कसा मिळवायचा हे दुसऱ्या दिवशी शिकवा. पहिल्या दिवशी आडनाव, गाव, कुलदैवत, जेवण यातलं काहीही न विचारता माणसाशी दहा मिनिटं बोलून दाखवायला लावा. पावसावर बोला, लिफ्ट बंद आहे त्यावर बोला, कॅन्टीनच्या चहाला शिव्या घाला. कित्येकांची पहिल्या मिनिटातच बोबडी वळेल, आणि ती फक्त शिकाऊ पोरांची नसेल. शिकवणाऱ्यांनीही एकदा करून बघावं.

(स्थळं बघतानाच्या गप्पांवर इथं मुद्दामच काही लिहीत नाही. ती वेगळी पोस्ट आहे आणि बरीच लांब होईल.)