उपवासाची भगर आणि शासनाची झोप

फेब्रुवारी 2024 मध्ये लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे एकादशीचा भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो माणसे आजारी पडली. रस्त्यावर दोरीला सलाईनच्या बाटल्या टांगून त्यांच्यावर उपचार करावे लागले. बीडकरांनी हे चित्र परके मानू नये. दमट हवेत साठवलेल्या भगरीवर बुरशी चढते, तिच्यातून विषारी द्रव्ये तयार होतात. हा निसर्गनियम जिल्ह्याची सीमा पाहत नाही.

दर वेळी उपदेश एकच: सुटे पीठ घेऊ नका, पाकीटबंद घ्या. पण ऊसतोडीच्या उचलीवर जगणारे घर पाव किलो सुटेच घेणार. म्हणजे नफा व्यापाऱ्याचा, धोका गरिबाचा! ही कसली अन्नसुरक्षा?

2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम 65 नुसार मृत्यूस किमान 5 लाख, गंभीर इजेस 3 लाखांपर्यंत भरपाईची तरतूद आहे. मात्र पुराव्यावाचून दावा उभा राहत नाही. म्हणून साथींनो, विषबाधा झाल्यास उरलेले पीठ व पावती जपा. आणि सणाआधीच घाऊक गोदामांतील नमुने तपासावेत, यासाठी अन्न व औषध प्रशासनावर मोर्चा न्या. भक्ताला दोष देणे सोपे; गोदामाचे कुलूप उघडायला लावणे हे आपले काम आहे.